प्लेसिओसॉरचा कान आणि मूर्तिकाराचा पाट: कासव महोत्सवातल्या एका फलकाचं प्रकरण

दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर ज्या गावांत कासव महोत्सव भरतो, त्यांतल्या एका गावाने शाळेच्या पडवीत छोटं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. कारण व्यावहारिक होतं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. मधला अख्खा दिवस पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना उद्योग नसतो. जेवून झोपतात, नाहीतर रेंज शोधत फिरतात. घरी पाहुणे ठेवणाऱ्या बायकांनीच ग्रामसभेत विषय काढला, की या मधल्या वेळेला काहीतरी दाखवण्यासारखं हवं. समितीने चार फलक ठरवले. तीन कासवांवर, ते वनखात्याच्या माहितीवरून सहज तयार झाले. चौथ्याचं नाव समितीनेच दिलं होतं: ‘कासवांचे पूर्वज, समुद्री डायनासोर’. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि अधूनमधून निसर्गकेंद्रांसाठी फलक लिहिते, म्हणून त्या चौथ्या फलकाचा मजकूर तपासायला मला बोलावलं.

कच्च्या मजकुरात तीन वाक्यं होती. प्लेसिओसॉर हे कासवांचे पूर्वज. ते आपल्या कोकणच्या समुद्रात राहत. शरीर अजस्र असलं तरी त्यांचा मेंदू मात्र इवलासा होता. शेजारी चिपळूणच्या एका चित्रकाराने रंगवलेलं चित्र: लाटांमधून मान उभी ताठ बाहेर काढलेला, चार वल्ह्यांसारख्या पायांचा प्राणी, मागे नारळाची झाडं. चित्र देखणं होतं, हे मान्यच करायला हवं.

पहिली दोन वाक्यं

ही लवकर निकालात निघाली. प्लेसिओसॉर डायनासोर नव्हते आणि कासवांचे पूर्वजही नव्हते. ते सॉरोप्टेरिजिया नावाच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातले. हा गट १८ कोटी वर्षांहून जास्त काळ टिकला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी मागे वंशज न ठेवता संपला. कासवांची स्वतःची वंशावळ वेगळी आहे. चीनच्या ग्वीझोऊ प्रांतात सापडलेलं, साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचं ओडोंटोकेलिस हे त्यातलं प्रसिद्ध नाव. त्याला पोटाकडचं कवच होतं, पाठीकडचं अजून पुरतं तयार झालेलं नव्हतं, आणि तोंडात दात होते. सॉरोप्टेरिजिया आणि कासवं दूरची भावंडं असतील का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण भाऊ कितीही जवळचा असला तरी तो आजोबा होत नाही.

दुसऱ्या वाक्यावर मात्र समितीतले निवृत्त गुरुजी हिरमुसले. ‘आपल्या समुद्रात’ हे शब्द त्यांचे होते. अडचण अशी, की प्लेसिओसॉर हयात असताना हा किनाराच नव्हता. गावाच्या मागे उभा असलेला काळा कातळ दख्खनच्या लाव्हाचा आहे, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे शेवटचे प्लेसिओसॉर आणि मोसासॉर हे दुसरे समुद्री सरपटणारे प्राणी जगातून नाहीसे होत होते, त्याच सुमाराला हा लाव्हा वाहत होता. सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटायला लागला तो त्याच्याही नंतर, आणि तो सुटल्यावरच पश्चिम किनारा नावाची गोष्ट आकार घेऊ लागली. लाव्हात समुद्री जीवाश्म मिळत नाहीत. त्यावरचा जांभा त्याच कातळाच्या झिजेतून झालेला, त्यातही नाहीत.

‘मग आपल्याकडं काहीच नाही?’ गुरुजी म्हणाले. भारतात आहे. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा मिळाला आणि २०१७ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. साधारण १५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, जुरासिक काळातला. गुरुजींना तो फलकावर हवा होता. पण समितीच्या अध्यक्ष असलेल्या वहिनींनी एका वाक्यात विषय मिटवला: ‘कच्छचं कच्छला राहू दे, इथं येणारा माणूस कासव बघायला येतो.’ मला ते पटलं नाही, पण जागा खरंच कमी होती. लोडाई एका ओळीत बसवलं.

मेंदूचं वाक्य

खरा पेच तिसऱ्या वाक्यात होता, कारण ते वरवर सर्वांत निरुपद्रवी दिसतं. आकाराने अजस्र आणि मेंदू इवलासा, हे ऐकून लोक हसतात, आणि हसलेला पाहुणा पुढचा फलक वाचतो, असं समितीचं गणित होतं. मी विचारलं, इवलासा म्हणजे केवढा, आणि तो मोजला कोणी?

मेंदू दगडात टिकत नाही. टिकते ती त्याच्याभोवतीच्या हाडातली पोकळी. त्या पोकळीचा साचा म्हणजे एंडोकास्ट. पूर्वी तो मिळवायचा तर निसर्गाची मेहेरबानी लागे, म्हणजे कवटीत गाळ भरून तो घट्ट व्हायला हवा आणि वरचं हाड झडायला हवं. नाहीतर कवटीचाच बळी द्यावा लागे. १९१६ मध्ये सोलास या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने इक्थिओसॉरच्या कवटीचा अभ्यास छापला, तो ती कवटी थराथराने घासत जाऊन प्रत्येक थराचं चित्र घेऊन केलेला होता. माहिती मिळाली, कवटी गेली. आता सीटी स्कॅन होतो. क्ष-किरणांत हाड आणि त्यात भरलेला दगड यांची घनता वेगळी दिसते, मग प्रत्येक कापावर पोकळीची कड आखून संगणकात तिचा घनाकार उभा करतात. कवटीला धक्का लागत नाही.

पण साचा पोकळीचा असतो, मेंदूचा नव्हे. पक्ष्यांत आणि सस्तन प्राण्यांत मेंदू कवटी जवळपास पूर्ण भरतो, तिथे साचा पाहून मेंदू ओळखता येतो. सरपटणाऱ्या बहुतेक प्राण्यांत तसं नसतं. मगरींवर झालेल्या मोजमापांत असं दिसलं, की पिल्लाच्या कवटीत मेंदू पोकळीचा बराचसा भाग व्यापतो, आणि मगर वाढत जाते तसा हा वाटा घटत जाऊन मोठ्या मगरीत साधारण एक तृतीयांशावर येतो. उरलेल्या जागेत आवरणं, रक्तवाहिन्या, द्रव.

हे सांगत असताना वहिनी म्हणाल्या, ‘म्हणजे ओला नारळ आणि गोटा. ओल्यात खोबरं करवंटीला चिकटलेलं, गोट्यात ते सुकून आत खुळखुळतं. करवंटी बघून काय कळणार, आत केवढं ते?’ याहून चांगलं मी फलकावर लिहू शकले नसते. ते वाक्य तसंच घेतलं.

तर प्लेसिओसॉरचा मेंदू इवलासा होता हे वाक्य खोटं म्हणता येत नाही, पण ‘केवढा’ याचं उत्तर पोकळीवरून नेमकं देताही येत नाही. साच्यांवरून काहीच कळत नाही असंही नाही. मोरोक्कोच्या गुलमिमा भागातल्या प्लेसिओसॉरच्या कवट्यांचे, आणि इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये सापडलेल्या हॉफिऑप्टेरिक्स या लहान इक्थिओसॉरच्या कवटीचे असे साचे संगणकात तयार झाले आहेत. हॉफिऑप्टेरिक्सच्या साच्यात दृष्टीशी संबंधित भाग आणि शरीराची हालचाल सांभाळणारं अनुमस्तिष्क मोठं दिसतं. झपाट्याने पोहत डोळ्यांनी शिकार शोधणाऱ्या प्राण्याला ते शोभतं. अर्जेंटिनातल्या क्रिकोसॉरस या समुद्री मगरवर्गीयाच्या कवटीत तर गाळाने आपोआप झालेल्या साच्यात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचे ठसे मिळाले. ही गोष्ट मी समितीला सांगितली तेव्हा कासवमित्र काका पहिल्यांदा बोलले. रात्री अंडी घालताना मादीच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि बघणाऱ्या बायका म्हणतात बाळंतकळा आहेत, रडते. ते पाणी म्हणजे मीठ काढून टाकणंच, हे काकांना ठाऊक होतं. पण मगरींच्या नातेवाइकांतही तशी ग्रंथी होती आणि तिचा ठसा दगडात राहिला, याचं त्यांना अप्रूप वाटलं. फलकावर ते घ्यायचा मोह मी आवरला. एका फलकावर एकच गोष्ट नीट सांगता येते, आणि ती मेंदूची नसावी असं माझं मत झालं होतं. ती कानाची असावी.

कान का

आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग कवटीच्या हाडात अगदी खोल रुतलेला असतो. तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी जवळपास काटकोनात, आणि त्यांच्या बुडाशी एक फुगीर पोकळी. नलिकांत द्रव असतो. डोकं वळलं की हाड लगेच वळतं, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्याने केशपेशी वाकून मेंदूला खबर देतात. डोकं किती वेगाने, कोणत्या पातळीत वळतंय हे असं कळतं, आणि डोळे तेवढेच उलट वळून नजर स्थिर राहते. बुडाच्या पोकळीतले जड कण गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. हा सगळा पसारा ज्या हाडाच्या कोटरात असतो त्या कोटराला लॅबिरिंथ म्हणतात. मेंदू पोकळीत सैल असतो, पण लॅबिरिंथच्या साच्यात नलिकांची वळणं, जाडी, मांडणी दिसते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या दगड झालेल्या डोक्यातून वर्तणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर मेंदूच्या साच्यापेक्षा हा साचा जास्त भरवशाचा साक्षीदार आहे.

इक्थिओसॉरच्या बाबतीत हेही सोपं नाही. त्यांच्या कवटीच्या या भागात कूर्चा भरपूर होती, ती कुजून गेली, आणि नलिकांचे ठसे वेगवेगळ्या हाडांवर तुकड्यातुकड्यांनी उरले. कच्छचा इक्थिओसॉर फलकाचा नायक झाला नाही याचं मला म्हणूनच फारसं दुःख नव्हतं.

समितीला पटवायला मात्र यातलं काही लागलं नाही. मी विचारलं, बोट कोणाला लागते? गुरुजींना लागते. काकांना कधीच लागली नाही, पण त्यांच्या मुलाला पहिल्या हंगामात इतकी लागली की त्याने मासेमारी सोडून खेडच्या लोटे औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. बोटीच्या खणात खाली मान घालून जाळं सोडवणाऱ्याला जास्त लागते आणि क्षितिजाकडे बघणाऱ्याला कमी, हे सगळ्यांना माहीत होतं. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. ज्या अवयवामुळे पोराने धंदा सोडला तोच अवयव १५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या कवटीत मोजता येतो, एवढं सांगितल्यावर मेंदूचं वाक्य कोणी परत काढलं नाही.

गणपतीच्या शाळेत

फलकाला जोडून काहीतरी हाताळायला हवं, असं ठरलं. समितीचा पहिला विचार असा होता, की आदल्या पावसाळ्यात वाहून आलेल्या मेलेल्या कासवाची कवटी कोणीतरी जपून ठेवली असेल तर ती मांडावी. वनरक्षकांनी ते जागच्या जागी थांबवलं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेल्या प्राण्याचे अवशेषही सरकारची मालमत्ता, परवानगीशिवाय ठेवणं गुन्हा. मग मॉडेल करायचं ठरलं, आणि गावात मॉडेल करणारा एकच माणूस: गणपतीची शाळा चालवणारे अण्णा. फेब्रुवारीत त्यांच्याकडे काम नसतं.

मी त्यांना छापील शोधनिबंधांतल्या आकृत्या दाखवल्या. मुख्य आधार २०१७ चा एक अभ्यास होता. जेम्स नीनन आणि सहकाऱ्यांनी १९ सॉरोप्टेरिजियन प्रजातींच्या कवट्यांचे सीटी स्कॅन घेऊन त्यांच्या लॅबिरिंथची तुलना केली होती. नीनन यांनीच २०१२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्लॅकोडस या त्याच गटातल्या प्राण्याच्या कवटीचं असं काम केलं होतं. प्लॅकोडस ट्रायासिक काळातला, जर्मनीत सापडणारा, उथळ पाण्यात शिंपल्यांसारखं कठीण खाणं दातांनी फोडून खाणारा. ठरलं ते असं: तीन कान करायचे. एक प्लॅकोडसचा, एक प्लेसिओसॉरचा, एक समुद्री कासवाचा.

अण्णांनी आकृत्या उलटसुलट करून पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला: ‘पाट कुठला?’

गणपती करताना पाट आधी ठरतो. मूर्ती कशावर बसणार, समोर काय, वर काय. कान कशावर बसणार? आणि हा डावा की उजवा? दोन्ही कान एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, त्यामुळे मिसळले तर सगळी तुलना बिघडते. डावा धरायचा हे सोपं होतं. पाटाचा प्रश्न अवघड निघाला, कारण त्यात या विषयातला एक जुना वाद बसलेला आहे. रिवाज असा, की तीन नलिकांपैकी आडवी नलिका जमिनीला समांतर ठेवून लॅबिरिंथ दाखवायचा. त्यामागची समजूत अशी, की सावध असताना प्राणी डोकं असं धरतो की ही नलिका साधारण आडवी राहते. बऱ्याच जिवंत प्राण्यांत हे ढोबळमानाने दिसतं, पण फरकही बराच असतो, आणि लांब मानेच्या डायनासोरांच्या बाबतीत या एकाच नलिकेवरून डोक्याचा कोन सांगण्यावर टीका झालेली आहे. म्हणजे आपण पाट ठरवला की नकळत त्या प्राण्याने मान कशी धरली याबद्दलही मत देऊन बसतो.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मग पाट सपाट करू, आणि खाली लिहा की हा आमचा पाट आहे, त्याचा नव्हे.’ लिहिलं. वाचणारे फार नसतील, पण फलकाच्या प्रामाणिकपणाला ती ओळ लागते.

कामातल्या अडचणी वेगळ्याच. शाडूत बारीक नलिका टिकत नाहीत, सुकताना जाड बूड आणि बारीक कमान वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि सांध्यावर तडा जातो. आधी तार घातली, तरी तडा गेला. शेवटी कागदाच्या लगद्यात केले. ते हलके झाले आणि मुलांच्या हातात देण्यासारखेही.

तिन्ही शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते फलकाचं सार होतं. प्लॅकोडसचा कान उंचीला बुटका, पुढे-मागे लांबट. किनाऱ्याकिनाऱ्याने वावरणाऱ्या आजच्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा असतो तसा. प्लेसिओसॉरचा आटोपशीर, फुगीर. आणि समुद्री कासवाचा? काही बाबतीत प्लेसिओसॉरशी जुळणारा. ज्या दोन गटांचं रक्ताचं नातं जोडायला आपण कचरतो, त्यांच्या कानांत साम्य दिसतं. दोघेही मोकळ्या समुद्रात गेले, आणि दोघांनीही पुढच्या पायांची वल्ही करून पाण्यात जणू उडत पोहणं पत्करलं. पाण्यात जमीन नसते, वर-खाली, डावं-उजवं सगळीकडे वळावं लागतं, आणि त्याचा हिशोब ठेवणारं यंत्र दोघांकडे काहीसं सारखं झालं.

‘झालं’ आणि ‘म्हणून झालं’ यांत किती अंतर ठेवायचं, यावर माझा आणि गुरुजींचा सर्वांत जास्त वेळ गेला. त्यांना फलकावर ‘समुद्रात पोहल्यामुळे कान असा झाला’ असं सरळ वाक्य हवं होतं. मी ते देईना. २०२२ मध्ये कासवांच्या लॅबिरिंथवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की कासवांचे लॅबिरिंथ मुळातच आकारमानाने मोठे आहेत, आणि पाण्यात राहणं हे त्याचं सरळ स्पष्टीकरण होत नाही. शिवाय नलिकांचा आकार कवटीत उपलब्ध असलेल्या जागेनेही ठरतो. डोळा मोठा, कवटी बसकी, तर नलिकांना वाकून बसावं लागतं. प्लेसिओसॉरचा कान पाहून ‘हा मोकळ्या समुद्रातला’ असं म्हणता येतं, कारण १९ प्रजातींत राहणीनुसार आकार बदललेला दिसतो. एका कानावरून एका प्राण्याची पोहण्याची ढब सांगणं हे पुढचं पाऊल आहे, आणि तिथे जमीन भुसभुशीत आहे. शेवटी फलकावर गेलेला मजकूर असा:

‘हा प्लेसिओसॉरच्या आतल्या कानाचा आकार आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या त्याच्या जुन्या भाऊबंदांचे कान असे नव्हते. समुद्री कासवाच्या कानाशी मात्र तो काही बाबतीत जुळतो. दोघे एकमेकांचे पूर्वज-वंशज नाहीत. दोघांनी समुद्र वेगवेगळा गाठला.’

गुरुजी म्हणाले, यात ‘म्हणून’ कुठेच नाही. बरोबर, नाही.

चित्रातली मान

चित्रकार नाराज होणार हे दिसत होतं. लांब मानेच्या प्लेसिओसॉरांच्या मानेत मणकेच इतके, एलास्मोसॉरसच्या मानेत ७२, की ती कशीही वळेल असं वाटतं. पण मणक्यांच्या सांध्यांत एवढं उभं वळण बसत नाही असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. आणि जेवढी मान पाण्याबाहेर, तेवढं वजन पाण्याच्या आधाराशिवाय. पाय टेकायला तळ नाही, तेव्हा मान वर जाण्याऐवजी धड खाली जाईल. कानाने यात फारशी मदत केली नाही, पाटाच्या प्रश्नामुळे. मी चित्रकाराला धीर द्यायला एलास्मोसॉरसचीच गोष्ट सांगितली: १८६८ मध्ये या प्राण्याला नाव देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ कोप यांनी त्याच्या आकृतीत डोकं चक्क शेपटीच्या टोकाला बसवलं होतं, आणि ते दुसऱ्या शास्त्रज्ञाने जाहीरपणे दाखवून दिलं. त्या मानाने मान थोडी खाली करणं ही क्षुल्लक दुरुस्ती. त्याने मान आडवी केली, लाट तिच्यावरून फिरवली. नारळाची झाडं मात्र काढायला नकार दिला. ती आता क्षितिजावर, एवढी बारीक, की वाद घालायला कोणी थांबत नाही.

लोकांनी काय केलं

मुलांनी अपेक्षेप्रमाणे गरगर फिरून पाहिलं. मोठ्यांची गंमत वेगळी होती. चक्कर येण्याचा त्रास असलेले लोक बरेच असतात, आणि डॉक्टरांनी ‘कानाचा प्रॉब्लेम’ सांगितलेला असतो पण कानाचं काय ते कळलेलं नसतं. अशा बायका-पुरुषांनी कासवाचा कान हातात घेऊन स्वतःच्या कानाची चौकशी केली. ही गोष्ट फलक लिहिताना माझ्या डोक्यात नव्हती, आणि त्यासाठी माणसाचा कान चौथा करावा ही मागणी मला रास्त वाटते. अण्णांनी तो घडवायला घेतला आहे.

दुसरी मागणी मगरीची. वाशिष्ठीत मगरी आहेत, दाभोळ खाडीत लोक होडीतून त्या बघायला जातात, तेव्हा समुद्रात गेलेल्या मगरी होत्या का, हे विचारलं जाणारच. होत्या. थॅलॅटोसुकियन. ज्युलिया श्वाब आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यांच्या कानांचा अभ्यास छापला, आणि तो मला सगळ्या विषयातला सर्वांत चविष्ट वाटतो. मोकळ्या समुद्रात राहणाऱ्या थॅलॅटोसुकियनांचा लॅबिरिंथ आटोपशीर, नलिका रुंद, बुडाची पोकळी मोठी. पण हा बदल उशिरा आला. आधी अर्धं पाण्यात, अर्धं काठावर असा दीर्घ काळ, मग पोहायला सोयीचे हातपाय आणि शेपटी, आणि त्यानंतर कान. देवमाशांचं उलट. त्यांचे पूर्वज पाण्यात शिरल्यावर थोड्याच काळात कानाच्या नलिका आकसल्या. इतक्या, की निळ्या देवमाशाच्या अर्धवर्तुळाकार नलिका माणसाच्या नलिकांपेक्षा लहान आहेत. कारण म्हणून जे सांगितलं जातं ते असं, की मान आखूड होऊन डोकं धडाला जखडलं, धडाची प्रत्येक हालचाल डोक्यापर्यंत पोहोचू लागली, आणि संवेदनशील नलिका अशा डोक्यात सतत बोंब मारत राहिल्या असत्या. ही पट्टी फलकाच्या खाली जोडली.

आणि इथेच पहिल्या वर्षाच्या मांडणीतली मोठी उणीव समोर येते. आखूड मान आणि मोठं डोकं असलेले प्लायोसॉर प्लेसिओसॉरांत स्वतंत्रपणे एकाहून जास्त वेळा उपजले, आणि प्रत्येक वेळी त्यांचा लॅबिरिंथ प्रमाणात लहान झाला. देवमाशांच्या वाटेनेच. उलट टोकाला प्लॅकोडससारखे तळावर चालणारे प्राणी, त्यांचा लॅबिरिंथ प्रमाणात मोठा. मोठ्या प्राण्याचा कान शरीराच्या मानाने लहान असतोच, तो हिशोब वजा करूनही हा फरक उरतो. हे सांगायचं तर आकारमान दिसायला हवं, आणि आपण तिन्ही कान हातात बसतील म्हणून सारख्याच लांबीचे केले. तिथे ‘प्रत्यक्षात एवढे नाहीत’ अशी सूचना आहे, पण सूचनेने डोळ्याला काही दिसत नाही.

पुढच्या हंगामासाठी ठरलंय ते असं. सगळं दहापट. प्लॅकोडसची वीतभर कवटी दहापट केली तर दोन मीटर, ती पडवीच्या भिंतीवर मावते. मोठ्या प्लायोसॉरची कवटी दोन मीटरपर्यंत जाते, म्हणजे दहापटीला वीस मीटर, आणि भिंत तेवढी नाही. ती शाळेच्या मैदानावर आखायची आणि तिच्यात जिथे कान तिथे अण्णांचा दहापट कान ठेवायचा. मैदान सरळ मापात पुरत नाही, कर्णरेषेत पुरतं. मुख्याध्यापकांनी चुन्याने आखायला परवानगी दिली आहे, ऑइलपेंटने नाही, कारण एप्रिलनंतर तिथे कबड्डीचं मैदान परत लागतं.